छत्तीस भोकांचा हायड्रोपोनिक किट खाऱ्या पाण्यावर: किती टिकतो, काय बदलावं लागतं

कौल आधीच सांगून टाकतो. गच्चीवर लेट्यूस-पालक लावायला जो छत्तीस भोकांचा पाइपवाला हायड्रोपोनिक किट (मातीऐवजी खत घातलेल्या पाण्यावर रोपं वाढवणारा) ऑनलाइन सगळीकडे मिळतो, तो गोड्या पाण्यासाठी बनवलेला आहे. त्यावर खाऱ्या पाण्यात धापा, मोरस, सॅलिकॉर्निया अशा क्षार सोसणाऱ्या भाज्या नक्की निघतात. पण किट आहे तसा चालवला तर पहिल्याच उन्हाळ्यात दगा देतो. फ्रेम, पंप आणि मीटर बदलले तर पाचपैकी साडेतीन गुण, न बदलता दोन. आणि ज्यांनी अजून पैसे घातलेलेच नाहीत, त्यांनी पाइपांच्या फंदात न पडता टब घ्यावा. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

हे परीक्षण एका ठरावीक कंपनीचं नाही. वेगवेगळ्या स्टिकरखाली विकला जाणारा माल जवळपास एकच असतो: नऊ-नऊ भोकांचे चार चौकोनी यूपीव्हीसी पाइप, पावडर कोटिंग केलेली लोखंडी फ्रेम, चाळीस लिटरची टाकी, पाण्यात बुडवायचा छोटा पंप, नेट पॉट (रोप धरणाऱ्या जाळीदार कुंड्या), भाजलेल्या मातीचे गोळे, टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा छोटा मीटर) आणि ए-बी खताच्या दोन बाटल्या.

वाचणारे दोन प्रकारचे असतील. अलिबाग, वसई, पालघर या बाजूला उन्हाळ्यात विहीर खारट होणारे एक. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातले दुसरे. दोघांचं पाणी सारखं नसतं. किनाऱ्यावरच्या पाण्यात मुख्यतः समुद्राचंच मीठ असतं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या पाण्यात सोडियमबरोबर बायकार्बोनेटही भरपूर, म्हणजे तिथे खारेपणापेक्षा चढा सामू (पीएच) जास्त त्रास देतो. लॅबमधून पाण्याचा रिपोर्ट काढताना ईसी (पाणी वीज किती वाहतं, त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज) आणि पीएचवर थांबू नका. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट एवढं सगळं मागा.

आता एकेक भाग. फ्रेम सगळ्यात आधी जाते. कोटिंग वरून चांगलं दिसतं, पण स्क्रूसाठी जिथे भोक पाडलेलं असतं तिथे लोखंड उघडं असतं. खाऱ्या पाण्याचा थेंब तिथे बसला की गंज आतून कोटिंग उचलत जातो. एक इंची पीव्हीसी पाइप आणि एल्बो-टी वापरून स्टँड घरी बनतो, खर्चही फार नाही. पाइप बांधायला जीआयच्या क्लिप नकोत, प्लॅस्टिकच्याच घ्या. पाण्याच्या वाटेत पितळेचा एकही व्हॉल्व्ह किंवा नोझल ठेवू नका. खारं पाणी पितळेतलं तांबं आणि जस्त सोडवतं, पाणी त्याच टाकीत फिरत राहतं, आणि मग मुळांची टोकं तपकिरी, आखूड, जाडसर होतात. लोक त्याला मूळकूज समजून बुरशीनाशक घालत बसतात.

पाइपांबद्दल तक्रार नाही. यूपीव्हीसीला मीठ काही करत नाही. एक मीटरला अडीच-तीन सेंटिमीटर उतार द्या आणि प्रत्येक पाइपला मिनिटाला एक ते दोन लिटर प्रवाह ठेवा. मोजायला सोपं आहे, पाइपाच्या तोंडाशी लिटरचा मग धरा आणि घड्याळ बघा. छत्तीस भोकं ही मात्र फक्त जाहिरातीतली गोष्ट. धापा आडवा पसरतो, त्यामुळे एकाआड एक भोक रिकामं सोडावं लागतं. म्हणजे खरी जागा अठरा रोपांची.

पंप. किटबरोबर येणाऱ्या पंपातली दांडी बऱ्याचदा साध्या स्टीलची असते. दांडीला खड्डे पडतात, इम्पेलर (पाणी ढकलणारा पंखा) अडकतो, पंप गुणगुणत राहतो पण पाणी येत नाही. समुद्री माशांच्या टाकीसाठी मिळणारा सिरॅमिक दांडीचा पंप घ्या. आणि एक गोष्ट अजिबात टाळायची नाही: खारं पाणी आणि २३० व्होल्ट एकत्र येतात तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. वायर प्लगपर्यंत सरळ न नेता मध्ये खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळातच टपकेल, सॉकेटपर्यंत जाणार नाही.

सगळ्यात जास्त घोळ मीटरमुळे होतो. लेट्यूसचं द्रावण १.५ ते २ मिलिसीमेन्सचं (हे ईसीचं एकक) असतं, त्यामुळे किटमधला पेन साधारण १० मिलिसीमेन्सपर्यंतच वाचतो. लिटरला १० ग्रॅम मीठ घातलेलं पाणी साडेसतराच्या आसपास जातं आणि समुद्राचं पाणी २५ अंशांना सुमारे ५३. पेन नुसता एरर दाखवतो. काही जण नमुना दहापट पातळ करून मोजतात आणि आकडा दहाने गुणतात. ही युक्ती चालते, पण आकडा फुगून येतो, कारण पातळ द्रावणात तेवढंच मीठ तुलनेने जास्त वीज वाहून नेतं. लिटरला ११.७ ग्रॅम मिठाचं पाणी प्रत्यक्षात २० च्या थोडं वर असतं, पण पातळ करून गुणलं की २३ येतं. तेव्हा गुणलेल्या ईसीवर विसंबू नका. पातळ नमुन्याच्या वाचनावरून त्यातलं मीठ काढा आणि मग मिठाच्या ग्रॅमला दहाने गुणा. पेन टीडीएस दाखवत असेल तर तो ईसीला ५०० च्या गुणकाने टीडीएसमध्ये बदलतो की ७०० च्या, हेही पुस्तिकेत बघा. एकाच पाण्याला दोन पेन वेगळे आकडे देतात ते यामुळे.

त्यापेक्षा हजार-दीड हजाराचा रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यात प्रकाश किती वळतो त्यावरून मीठ सांगणारा) बरा. काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्या रेषेवरचा आकडा वाचायचा. घेताना पट्टी ० ते १०० पीपीटीची (हजार भागांत किती भाग मीठ) आहे ना ते बघा, कारण तसाच दिसणारा साखरेचा म्हणजे ब्रिक्सचा रिफ्रॅक्टोमीटरही मिळतो आणि चुकून तोच घरी येतो. दर वेळी आरओच्या पाण्यावर शून्य लावून घ्या. एक पीपीटीची चूक धरून चाला. या पिकांना तेवढ्याने फरक पडत नाही.

पण मीटर कितीही भारी घेतला तरी एक अडचण उरतेच, आणि विकणारे ती सांगत नाहीत. मिठाच्या १७-१८ मध्ये खताचे दीड-दोन मिलिसीमेन्स दिसतच नाहीत. खत संपलं तरी आकडा जागचा हलत नाही. म्हणून खाऱ्या टाकीत खत मीटरवर नाही, हिशोबावर द्यायचं: किती लिटर भरलं, किती वर भरलं, कधी बदललं याची वही ठेवायची आणि पंधरा दिवसांनी पूर्ण टाकी बदलायची. समुद्री माशांच्या टाकीसाठीचा नायट्रेट किट जवळ असेल तर आठवड्याला एकदा बघा. गोड्या पाण्याचा किट खाऱ्या पाण्यात चुकीचा रंग देऊ शकतो.

बाटलीतलं ए-बी खत चालतं, पण महाग पडतं. द्राक्ष-डाळिंबवाल्यांच्या कृषी सेवा केंद्रात जी विद्राव्य खतं मिळतात त्यांतून ४० लिटरचं द्रावण असं बसतं: कॅल्शियम नायट्रेट ३० ग्रॅम, १३-०-४५ (पोटॅशियम नायट्रेट) सोळा ग्रॅम, ०-५२-३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट) सहा ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट १६ ग्रॅम, ईडीडीएचए स्वरूपातलं (लोह पाण्यात विरघळलेलं ठेवणारं संयुग) ६ टक्क्यांचं लोह दीड ग्रॅम, आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण लेबलवरच्या प्रमाणात. यातून नत्र सुमारे १७० पीपीएम (दहा लाखांत किती भाग), पालाश मूलद्रव्य म्हणून १९०, कॅल्शियम १४० आणि स्फुरद मूलद्रव्य म्हणून ३४ पडतं. आधी टाकीत मीठ विरघळवा. कॅल्शियम नायट्रेट एका बादलीत, बाकीचं दुसऱ्या बादलीत विरघळवून वेगवेगळं ओता. दोन्ही घट्ट द्रावणं एकत्र झाली की जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा साका तळाशी बसतो आणि तेवढं खत वाया गेलं म्हणून समजा. लोह ईडीटीएचं घेऊ नका. सामू साडेसहाच्या वर गेला की ते टिकत नाही आणि खारं पाणी वर सरकण्याच्याच तयारीत असतं. सामू ६ ते ६.५ वर ठेवायला फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने, ढवळून, तासाभराने परत मोजून. लिंबाच्या फुलाने म्हणजे सायट्रिक आम्लाने उतरवलेला सामू दोन-तीन दिवसांत परत चढतो, कारण टाकीतले जिवाणू ते खाऊन टाकतात.

मीठ कोणतं? पुडीतलं आयोडीनयुक्त टेबल सॉल्ट नको. त्यात आयोडेटबरोबर गुठळ्या न होण्यासाठी घातलेली द्रव्यंही असतात. मिठागरातलं न धुतलेलं खडे मीठ चांगलं, त्यात थोडं मॅग्नेशियम आणि कॅल्शियमही येतं. पाण्यात विरघळवून रात्रभर ठेवा, गाळ खाली बसला की वरचं निथळून घ्या. नुसत्या शुद्ध सोडियम क्लोराइडवर रोपं वाढवली तर कॅल्शियमची उपासमार होते: कोवळी पानं वाकडी, शेंडा करपलेला, आणि खालची पानं मात्र टवटवीत. ही खूण दिसली तर मीठ कमी करण्याआधी कॅल्शियम नायट्रेट पुरेसं पडलं का ते तपासा.

समुद्राचं स्वच्छ पाणी मिळत असेल तर ४० लिटरमध्ये साडेअकरा लिटर समुद्राचं आणि बाकी गोडं, म्हणजे लिटरला १० ग्रॅम बसतं. त्यातून मॅग्नेशियम सुमारे ३७० पीपीएम आपसूक येतं, तेव्हा मॅग्नेशियम सल्फेट पूर्ण वगळा. नत्र आणि स्फुरद मात्र समुद्राच्या पाण्यात नसल्यातच जमा असतं. ‘समुद्राच्या पाण्यात सगळी खनिजं असतात’ हे वाक्य ऐकून खत न घालणाऱ्यांची रोपं पिवळी-तांबूस होऊन थांबतात.

खाडीचं पाणी खाण्याच्या भाजीला वापरू नका. ठाणे खाडीसारख्या ठिकाणी कारखान्यांचं सांडपाणी मिसळलेलं असतं, आणि धाप्यासारखी झाडं कॅडमियम, शिसं यांसारखे जड धातू अंगात साठवतात. प्रदूषित जमीन साफ करण्यासाठी त्याचा अभ्यास होतो तो याच गुणामुळे. हा गुण ताटात नको.

रोपांमध्ये पहिली पसंती धाप्यालाच, म्हणजे सेसुव्हियमला. बहुवर्षीय आहे, कलमावर येतो, चुका पोटात घालतो. आठ-दहा सेंटिमीटरचं, तीन-चार पेरांचं कलम घ्या, खालच्या दोन पेरांची पानं काढा, स्पंजमध्ये धरून नेट पॉटमध्ये बसवा. ते गोड्या पाण्यात, खत निम्म्या ताकदीने घालून ठेवलं की आठ-दहा दिवसांत पेरांतून पांढरी मुळं सुटतात. कलमं नर्सरीतून आणा. कांदळवनातून उपटून आणणं कायद्यानेही चुकीचं आणि वर सांगितलेल्या धातूंमुळेही. कुठलंही कलम असो, पहिला फुटवा खायला न घेता काढून टाका.

मोरस आगरी-कोळी घरांत पूर्वीपासून खाल्ली जाते, तिची ओळख करून द्यायला नको. ती बियांवर येते. बी गोड्या पाण्यावरच रुजवा. क्षार सोसणारी झाडंसुद्धा रुजताना गोडं पाणी मागतात. रानात ती रुजतात तीही पावसाने जमिनीतलं मीठ धुतल्यावरच.

सॅलिकॉर्नियाचा बोलबाला खूप आहे, पण आपल्याकडे नवख्याने सुरुवात त्याने करू नये. युरोपातून येणारं बी लांब दिवसांच्या प्रदेशातलं असतं. आपल्याकडे जूनमध्येसुद्धा मुंबईचा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपासच. लहान दिवस दिसला की रोप बोटभर उंचीवरच फुलोऱ्याला लागतं, कोंबाची टोकं जाड होतात, आत चिवट दोरा धरतो आणि भाजी संपते. एलईडी लावून दिवस सोळा-अठरा तासांचा केला तर कोंब कोवळे राहतात, पण वीजबिल मोजून बघा. आपल्या किनाऱ्यावरची जात, सॅलिकॉर्निया ब्रॅकिएटा, हिच्यापासून भावनगरच्या केंद्रीय मीठ संशोधन संस्थेने वनस्पतिजन्य मीठ बनवलं आहे. तिचं बी मिळालं तर तेच लावा.

पालक, बीट, घोळ हे लिटरला तीन-चार ग्रॅमपर्यंत ठीक, तेही उत्पन्न थोडं घटेल असं धरून. त्यापुढे त्यांचे हाल करू नका.

मीठ चढवायची घाई हे रोपं मरण्याचं पहिलं कारण. मुळं सुटल्यावर दर तिसऱ्या दिवशी लिटरला २ ग्रॅम, म्हणजे ४० लिटरला ८० ग्रॅम, असं करत दोन आठवड्यांत १० ग्रॅमवर या. धापा-सॅलिकॉर्निया इथे मजेत वाढतात. गोड्या पाण्यापेक्षा त्यांची पानं-कोंब जाड आणि रसरशीत होतात. समुद्राच्या पूर्ण ताकदीवर धापा जगतो, पण वाढ मंदावते. भाजीसाठी १० ते १५ च्या पुढे जाऊन काही मिळत नाही.

दुसरं कारण टाकी वर भरण्याची पद्धत. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. झाडंही पाणी जास्त ओढतात आणि मीठ बरंचसं मुळाबाहेर ठेवतात. चाळीसचं छत्तीस लिटर झालं की १० चं ११ होतं. वर भरताना नेहमी गोडं पाणीच घाला. खारं पाणी खाऱ्याने भरत गेलात तर मे महिन्यात पंधरवड्यातच आकडा हाताबाहेर जातो. घरी गोडं पाणी अजिबात नसेल, तर गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

तिसरी गोष्ट जवळ जाऊन बघितल्याशिवाय दिसत नाही. नेट पॉटमधल्या मातीच्या गोळ्यांतून पाणी वर चढतं, वरच्या थरात सुकतं आणि देठाभोवती पांढरी कडा जमते. टाकीत १० ग्रॅम असलं तरी त्या कड्यातली ओल कितीतरी पट खारी असते. देठ नेमका तिथेच मऊ पडून काळा होतो, रोप एका बाजूला कलंडतं, आणि खाली मुळं मात्र पांढरी-ताजी असतात. म्हणून गोळे वापरूच नका. स्पंजचा तुकडा घ्या, पाण्याची पातळी पॉटच्या बुडाला जेमतेम लागेल अशी ठेवा, वरून काळ्या प्लॅस्टिकची चकती लावा आणि आठवड्यातून एकदा सकाळी पॉटवर गोड्या पाण्याची फवारणी करून कडा धुऊन टाका.

आता टबाबद्दल. खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: ३० अंशांना गोड्या पाण्यात लिटरला सुमारे साडेसात मिलिग्रॅम, समुद्राच्या पाण्यात सहाच्या थोडं वर. पाइपांच्या पद्धतीत पाण्याचा थर पातळ, त्यामुळे एरवी प्राणवायूची अडचण नसते, पण गच्चीवर दुपारी पाइप तापतात आणि वीज गेली की मुळांवरचा ओलावा सुकून मीठ मुळांवरच घट्ट होतं. एप्रिल-मेमध्ये रोपं घालवायला दोन तासांचं भारनियमन पुरेसं आहे. त्याऐवजी ४०-५० लिटरचा अपारदर्शक टब, त्यावर ४० मिलिमीटर जाडीची थर्माकोलची शीट, बारा भोकं आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप. वीज गेली तरी पाणी जागेवर असतं आणि एवढं पाणी लवकर तापतही नाही. पंपाची मोटर पाण्याबाहेर राहते, गंजायला धातूच उरत नाही. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, नाहीतर पंप बंद पडताच नळीतून पाणी उलटं ओढलं जाऊन पंपात शिरतं. एअर स्टोनवर मिठाची पुटं चढतात, महिन्यातून एकदा व्हिनेगरमध्ये भिजवून घ्या. मुळं फुटल्यावर पाणी आणि शीट यांत तीन-चार सेंटिमीटर हवेची जागा सोडा.

काढणी धाप्याची दर तीन-चार आठवड्यांनी, शेंड्याकडचे दहा सेंटिमीटर. भाजी उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं घालून ते पाणी फेकून द्या. मीठ आणि ऑक्झलेट दोन्ही कमी होतात. फोडणीत मीठ घालू नका. कोलंबी किंवा सुकटीबरोबर करणार असाल तर सुकट आधी धुऊन घ्या. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी ही भाजी डॉक्टरांना विचारूनच खावी.

राहिलं बदललेलं पाणी. चाळीस लिटर म्हणजे चारशे ग्रॅम मीठ, अधिक नायट्रेट. ते नारळाच्या आळ्यात, परसात किंवा विहिरीजवळ ओतू नका. ओतलं तर आधीच खारट होणाऱ्या विहिरीत आपणच भर घालतो. गच्चीवर काळ्या प्लॅस्टिकच्या उथळ ट्रेमध्ये ओता, उन्हाळ्यात काही दिवसांत सुकतं. खाली राहिलेली खरवड पुढच्या टाकीला वापरायची नाही, कारण तिच्यात कुठलं खत किती उरलंय याचा हिशोब लागत नाही. पावसाळ्यात सुकवणं जमत नाही, म्हणून टाकी बदलायची शेवटची तारीख जूनच्या आधीची ठेवा आणि पावसाचे तीन महिने धाप्याची आई-रोपं गोड्या पाण्याच्या कुंडीत सांभाळा.